डीनना पत्र लिहू का, ताई?

आलेलं पत्र थोडं आटोपशीर करून देते आहे.

"ताई, माझ्या मुलीने यंदा दुसऱ्यांदा नीटची, मेडिकल प्रवेशाची परीक्षा दिली. गुण चांगले वाढले, पण राज्याच्या दुसऱ्या फेरीत एमबीबीएस साडेचारशे क्रमांकांनी हुकलं. पुण्याजवळच्या एका खाजगी कॉलेजात बीडीएस, म्हणजे डेंटल लागलंय. फी भरली, मूळ कागदपत्रं जमा केली. आम्ही ओबीसी, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्न आठ लाखांच्या आत. क्लासच्या ग्रुपवर कोणी म्हणतं स्टेटस रिटेन करा, नाहीतर आहे ती जागाही जाईल. कोणी म्हणतं केलंत तर एमबीबीएस विसरा. माझी नणंद न्यू जर्सीला असते. तिचा मुलगा तिथे मेडिकलच्या वेटिंग लिस्टवर होता, त्याने कॉलेजला पत्र लिहिलं आणि महिन्याभरात बोलावणं आलं. ती रोज फोन करते, 'वहिनी, डीनना पत्र लिहा, जाऊन भेटा.' इकडे यांच्या ऑफिसातल्या एकाने एजंट गाठून दिलाय. तो शेवटच्या फेरीत जागा 'ब्लॉक' करून देतो म्हणे. यांनी त्याला दीड लाखाचा पुढच्या तारखेचा चेक दिला आहे. आणि मुलगी खोलीतून बाहेर येत नाही. बीडीएसच्या वर्गाला जात नाही, 'मी तिथली नाहीच' म्हणते. परवा घटाला माळ घालायलाही आली नाही. काय करू? एक आई, धायरी, पुणे."

धायरीच्या आईंना नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पाठकोऱ्या कागदावर नुसते आकडे उतरवून घेतले आणि मग जरा हायसं वाटलं. तुम्हाला वाटतंय तितकं काही बिघडलेलं नाही. बिघडलेली गोष्ट एकच आहे, तो चेक. त्याच्याकडे शेवटी येते.

आधी रिटेन्शनचं, कारण त्याला मुदत आहे. स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरणं म्हणजे राज्याचे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलला लिहून देणं, की मला ही जागा पसंत आहे, पुढच्या फेऱ्यांत माझा विचार करू नका. फॉर्म भरला नाही म्हणून घेतलेली जागा जात नाही. प्रवेश घेतला आहे, फी भरली आहे, पावती तुमच्याकडे आहे, म्हणजे जागा तुमची. पुढच्या फेरीत वरची जागा मिळाली तरच आधीची आपोआप रद्द होते. नाही मिळाली, तर बीडीएस जिथल्या तिथे. मुलीला एमबीबीएसची आशा आहे ना? मग रिटेन भरू नका. ग्रुपवर जे 'आहे तीही जाईल' म्हणतात, त्यांनी 'वरची मिळाली तर' एवढे तीन शब्द गाळलेत. त्या तीन शब्दांतच सगळा खेळ आहे, म्हणून पसंतीक्रमाबद्दल जरा सविस्तर लिहिते.

काही वर्षांपूर्वी माझ्या ओळखीतल्या, कोथरूडच्या एका घरात असंच झालं. मुलाला बीडीएस मिळालेलं, तेही घरापासून पाऊण तासावर. पुढच्या फेरीसाठी बाबांनी पसंतीक्रम भरला, एका रात्रीत, एकट्याने. 'भरायला काय जातंय' म्हणून दिसेल ते कॉलेज टाकलं आणि संस्थात्मक कोट्याच्या, म्हणजे खाजगी कॉलेजांतल्या जास्त फीच्या जागांच्या चौकोनातही खूण केली. यादी लागली तेव्हा घरात पेढे आले. एमबीबीएस! संध्याकाळी कोणीतरी फीचा तक्ता उघडला. संस्थात्मक कोट्याची फी नेहमीच्या फीच्या कितीतरी पट होती. बाबा पाच दिवस बँका आणि पतपेढ्या हिंडले. पैसे जमले नाहीत. तोवर बीडीएसची जागा दुसऱ्याला जाऊन बसली होती. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा पेढ्यांचा डबा टीपॉयवर तसाच होता, दोन कमी झालेले. त्या वर्षी तो मुलगा घरीच बसला.

यात कोणी फसवलं नव्हतं. संगणकाने त्यांनी मागितलं तेच दिलं. म्हणून तिसऱ्या फेरीचा पसंतीक्रम भरताना प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: ही जागा लागली तर हातातलं बीडीएस सोडून आपण खरंच तिथे जाणार आहोत का? उत्तर 'हो' असेल तरच ओळ ठेवा. 'बघू' असेल तर खोडा. दुसऱ्या कुठल्या बीडीएस कॉलेजात जायचं नसेल, तर यादीत एकही बीडीएस नको. नाहीतर हे कॉलेज जाऊन तिसरंच कुठलं तरी पदरात पडेल. आणि संस्थात्मक कोट्याच्या चौकोनापाशी दोघांनी चष्मा लावून बसा.

फीचा विषय निघालाच आहे तर तुमच्या घराला लागू असलेली एक गोष्ट सांगते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना २०२४-२५पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. अट अशी, की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन म्हणजेच संस्थात्मक कोटा आणि खाजगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठं त्यात नाहीत. म्हणजे तुमच्यासाठी नऱ्ह्याचं काशीबाई नवले किंवा तळेगावचं मायमर ही एक गोष्ट झाली. धनकवडीचं भारती, पिंपरीचं डी. वाय. पाटील किंवा लवळ्याचं सिंबायोसिसचं मुलींचं कॉलेज ही वेगळी. दुसऱ्या गटातली अभिमत आहेत. तिथले प्रवेश दिल्लीची एमसीसी, म्हणजे केंद्राची प्रवेश समिती करते आणि भारती किंवा डी. वाय. पाटीलची फी वर्षाला वीस लाखांच्या पुढे जाते. तिथे नोंदणी करतानाच दोन लाख अनामत ठेवावी लागते. तिसऱ्या फेरीत जागा लागून तुम्ही गेला नाहीत तर ती जप्त होते. 'नुसतं ट्राय करून बघू' म्हणून तिकडे हात घालू नका. माफीत वसतिगृह आणि खानावळ धरलेली नाही हेही लक्षात ठेवा. खाजगी कॉलेजात ती रक्कमही बारीक नसते.

आता साडेचारशे क्रमांकांचं. हे अंतर मोठं की लहान, ते गुणांवरून कळणार नाही. २०२४ साली निकाल लागला तेव्हा ७२०पैकी ७२० मिळवणारी ६७ मुलं होती, सुधारित निकालात १७ उरली. २०२५ला देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ होते. पेपर एका वर्षात इतका फिरतो, त्यामुळे 'गेल्या वर्षी अमुक गुणांना लागलं होतं' या वाक्याला काडीचा अर्थ नाही. यूट्यूबवरचे कट-ऑफ सांगणारे बाबा बहुतेक याच वाक्यावर दुकान चालवतात.

त्याऐवजी मुलीला एक काम द्या. गेल्या दोन वर्षांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या निवड याद्या काढायला सांगा. त्यांत फक्त एमबीबीएस आणि फक्त ओबीसी प्रवर्गातून गेलेली मुलं बघायची. दुसऱ्या फेरीत शेवटची जागा कुठल्या राज्य गुणवत्ता क्रमांकाला गेली, तिसऱ्या फेरीत कुठल्या, आणि त्यांत फरक किती? दोन वर्षांचे दोन फरक वहीत लिहायचे. तुमचे साडेचारशे त्या फरकाच्या आत बसत असतील तर आशेला आधार आहे. दोन्ही वर्षी यादी शे-दीडशेच सरकली असेल, तर तेही घरातल्या सगळ्यांना आजच कळलेलं बरं. हे काम तासाभराचं आहे आणि तिनेच करायचं. दोन वर्षं बाकीच्यांनी तिला नुसते आकडे सांगितलेत.

जागा रिकाम्या का होतात, तेही तिला समजावून सांगा. स्वारगेटहून धायरीला जाणाऱ्या बसमध्ये संध्याकाळी उभं राहिलंय ना कधी? राजाराम पुलाशी एकजण उतरतो. त्याच्या जागी शेजारचा सरकून खिडकी धरतो, त्याच्या जागी उभा असलेला एकजण टेकतो, दांड्याला लोंबकळणारा आत येतो, आणि दारातल्या माणसाला निदान पाय ठेवायला जागा होते. इथेही तसंच. कोणाला तरी नागपूरच्या एम्समध्ये लागतं, तो पुण्याच्या सरकारी बीजे मेडिकलची जागा सोडतो. बीजेला अडीचशे जागा आहेत, तिथे मिरजेचा येतो, मिरजेला सोलापूरचा, सोलापूरला एखाद्या खाजगी कॉलेजातली मुलगी. शेवटी जी जागा मोकळी होते ती खाजगी कॉलेजातली, आणि तुमच्या मुलीसारखी मुलं नेमकी त्या दारात उभी असतात. एमसीसीची फेरी संपली की राज्याची यादी हलते ती यामुळे. एमसीसीच्या तिसऱ्या फेरीत प्रवेश घेतला की तो सोडता येत नाही, म्हणजे तिकडे गेलेली मुलं मग इकडे परत आड येत नाहीत.

कधीकधी बसला आणखी एक डबाच जोडला जातो. ९ ऑक्टोबर २०२४ला राज्यात एकदम दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशीम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ मिळून ९०० जागा. दरवर्षी असं होत नाही. पण फेऱ्या चालू असताना एखाद्या कॉलेजाला मान्यता मिळते, कुठे पन्नास जागा वाढतात. म्हणून सीईटी सेलच्या संकेतस्थळावरची सूचनापत्रं रोज वाचायची. रोज म्हणजे सकाळी एकदा आणि रात्री एकदा. दर दहा मिनिटांनी नाही. आणि हे काम तुम्ही करा, मुलीने नाही.

पसंतीक्रमात दूरची नावं ठेवायची का, यावरून तुमच्या घरात वाद होणार. नऱ्हे तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि यादीत तुम्ही जळगाव, लातूर, सिंधुदुर्ग लिहिणार. माझं मत विचाराल तर लिहा. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. आईच्या हातची भाजी चुकेल, बाकी काही चुकत नाही. लहान गावातल्या रुग्णालयात विद्यार्थ्याच्या हाताला काम जास्त लागतं, हे मी माझ्याच विद्यार्थ्यांकडून पुष्कळदा ऐकलं आहे. पण जायचं तिला आहे. ती 'नाही' म्हणाली तर ती ओळ खोडा आणि तिला त्याचं कारण विचारत बसू नका.

कागदपत्रांचंही आत्ताच बघून ठेवा. मूळ कागद बीडीएसच्या कॉलेजात आहेत. वरची जागा लागली तर ते सोडवून नव्या कॉलेजात हजर व्हायला दोन-चार दिवस मिळतात, मधे रविवार आला तर तेवढेही नाही. तिथली प्रवेशाची खिडकी किती वाजता उघडते, जेवणाची सुट्टी कधी, कागद परत देताना कुठला अर्ज लागतो, हे फोनवर न विचारता एकदा जाऊन बघून या. जातपडताळणी, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, नीटचं प्रवेशपत्र आणि निकाल, फिटनेस सर्टिफिकेट: सगळ्याचे रंगीत स्कॅन मोबाईलमध्ये आणि मेलवर, आणि झेरॉक्सचे तीन संच.

माझ्या भाच्याच्या वेळी, नीटच्या आधीच्या काळात, फेऱ्या समोरासमोर व्हायच्या. आम्ही मुंबईला गेलो होतो. सभागृहात पडद्यावर कॉलेजांची नावं आणि पुढे उरलेल्या जागा. एक नाव पुकारलं जायचं, मुलगा स्टेजवर जायचा आणि पडद्यावरचा सातचा सहा व्हायचा. आमच्या पुढच्या रांगेत सांगलीकडचे एक गृहस्थ बसले होते, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात तीन कॉलेजांच्या नावाचे तीन डिमांड ड्राफ्ट. आकडा बदलला की ते पिशवीत हात घालून त्यातला एक खाली सरकवत. पडदा दोनवर आला तेव्हा त्यांच्या मुलीचं नाव लागलं, आणि हवा होता तो ड्राफ्ट पहिल्याच झटक्यात हातात आला. शेजारच्या माणसाकडे ड्राफ्ट होता, पण भलत्याच कॉलेजाच्या नावाचा. नंतर त्याचं काय झालं मला माहीत नाही, पण त्याचा चेहरा अजून आठवतो.

आता तुमच्या नणंदेचं. त्यांचं काही चुकलेलं नाही, फक्त त्यांचा पत्ता वेगळा आहे. अमेरिकेत प्रत्येक मेडिकल स्कूलची स्वतःची प्रवेश समिती असते. ती मुलाखत घेते, निबंध वाचते आणि स्वतःची प्रतीक्षायादी करते. एकेका मुलाच्या हातात तीन-तीन, चार-चार कॉलेजांचे होकार असतात. एप्रिलअखेर त्यांनी त्यातला एक ठेवून बाकीचे सोडावेत अशी तिथली अपेक्षा आहे, त्यामुळे मे-जूनमध्ये याद्या हलतात. त्या वेळी कॉलेजाला चिंता असते, की आपण बोलावलं आणि हा आलाच नाही तर? म्हणून मुलगा लिहितो, 'तुम्ही घेतलंत तर मी नक्की येईन', आणि मधल्या काळात काय नवं केलं तेही कळवतो. ते पत्र वाचणारं माणूस तिथे असतं आणि त्या माणसाच्या हातात काहीतरी असतं.

आपल्याकडे डीनच्या हातात एकही जागा नाही. बीजेच्या डीनच्या नाही, मंगळवार पेठेतल्या महापालिकेच्या कॉलेजच्या नाही, खाजगीतल्याही नाही. संस्थात्मक कोटासुद्धा नीटच्या क्रमांकानुसार सीईटी सेलकडूनच भरला जातो. तिथलं सॉफ्टवेअर तुमच्या मुलीबद्दल मुख्यतः तीन गोष्टी वाचतं: क्रमांक, प्रवर्ग आणि पसंतीक्रम. तिने दोन वर्षं सिंहगड रोडवरच्या अभ्यासिकेत रात्री अकरापर्यंत काढली, हे त्याला कळत नाही. मंत्र्याच्या पीएचा फोनही कळत नाही. मला हे कोरडेपण एका अर्थाने आवडतं, कारण धायरीच्या मुलीला ते जसं वागवतं तसंच बंगल्यांच्या भोसलेनगरच्या मुलीलाही. 'तुम्ही घेतलंत तर नक्की येईन' हे सांगायची आपल्याकडची एकच जागा, ती म्हणजे पसंतीक्रमाचा फॉर्म. नणंदबाईंना सांगा, पत्र लिहिलंय, ऑनलाइन लिहिलंय.

आता पुढचं लेकीसाठी. तिला वाचायला द्या, किंवा तिच्या दाराखालून सरकवा.

बाळ, मी २६ वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांना फिजिऑलॉजी शिकवलं. दरवर्षी हजेरीपटाच्या तळाशी पेनाने लिहिलेली चार-पाच नावं असायची. ही शेवटच्या फेरीतून आलेली मुलं. एक मुलगी आठवते, ती आली तेव्हा बाकीच्यांची हाताची डिसेक्शन अर्धी झाली होती. पहिल्या प्रॅक्टिकलला ती मायक्रोस्कोपमधून बघायची, पण दुसरा डोळा घट्ट मिटून. बाकी सगळे तोवर दोन्ही डोळे उघडे ठेवायला शिकले होते. महिन्याभरात तीही शिकली. वर्षाच्या शेवटी ती कुठल्या फेरीतून आली हे मलाही हजेरीपट उघडल्याशिवाय सांगता आलं नसतं. उशिरा गेलं तर मागे पडू, ही भीती तुझ्या डोक्यात असेल तर ती काढून टाक.

आणि सध्या बीडीएसच्या वर्गात जाऊन बस. रागावू नकोस, कारण ऐक. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री बीडीएसच्याही पहिल्या वर्षाला असतात. उद्या एमबीबीएसला गेलीस तर तिथे पोचेपर्यंत हृदयाचे कप्पे आणि पेशीचं पटल तुझं वाचून झालेलं असेल. नाही गेलीस तर तू वर्गातली मागे पडलेली मुलगी नसशील. 'मी तिथली नाहीच' हे वाक्य तू कदाचित तिथे पाय न ठेवताच ठरवलं आहेस. दाढ दुखायला लागलेल्या माणसाला रात्री दोन वाजता डेंटिस्ट अर्धा डॉक्टर वाटत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय. दंतवैद्यक कर असं मी म्हणत नाही. आठ दिवस जाऊन बघ आणि मग नावडलं तर नावडलं म्हण.

यादी लागायच्या दिवशी दुपारी पुन्हा पुन्हा पान रिफ्रेश करत बसू नकोस. मैत्रिणीबरोबर पर्वतीवर जा. १०३ पायऱ्या चढेपर्यंत फोनकडे बघता येत नाही, एवढं बास.

परत तुमच्याशी बोलते. तिसरी फेरीही गेली तर शेवटची, उरल्यासुरल्या जागांची स्ट्रे फेरी उरते. तिचे नियम कडक असतात. एमसीसीच्या स्ट्रे फेरीत, आधीची जागा धरून बसलेल्यांना भाग घेता येत नाही. जागा लागून घेतली नाही तर अनामत तर जातेच, वर एक वर्ष नीटलाही बसू देत नाहीत. राज्याच्या यंदाच्या माहितीपुस्तिकेतलं स्ट्रे फेरीचं पान तुम्ही दोघांनी मिळून वाचा, पेन्सिलने खुणा करत. हातातलं बीडीएस सोडून तिथे उडी मारावी, असं तुमच्या परिस्थितीत मी तरी सुचवणार नाही.

आणि तिसऱ्यांदा नीट? परीक्षेला किती वेळा बसायचं याला मर्यादा नाही, वयाची वरची अटही २०२२मध्ये निघाली, त्यामुळे दार उघडं आहे. पण उघड्या दाराकडे बघत आणखी एक वर्ष त्याच खोलीत काढणं मला पटत नाही. गुण वाढायचे ते साधारण दुसऱ्या वेळेपर्यंत वाढतात, पुढे झोप कमी होते. हे माझं मत आहे. तिचं वेगळं असलं तर ते बीडीएसची पहिली चाचणी झाल्यावर बोला, आत्ता नाही.

माळ घालायला आली नाही याचं फार मनावर घेऊ नका. दसऱ्याला घरी दहा माणसं येणार आणि दहाही जण 'काय झालं गं?' विचारणार, म्हणून ती खोलीत आहे. पाहुणे यायच्या आधी सगळ्यांना फोनवर तुम्हीच एक वाक्य सांगून टाका, 'बीडीएसला प्रवेश घेतलाय, पुढची फेरी बाकी आहे.' मग घरी तो विषय कोणी काढायचा नाही, सासूबाईंनीसुद्धा नाही. मात्र झोप अजिबात लागत नसेल, जेवण तुटलं असेल, किंवा ती जगण्यामरण्याचं काही बोलली असेल, तर यादीची वाट बघू नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा क्रमांक आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडेही घेऊन जा.

आता तो चेक.

शेवटच्या फेरीतली जागा कोणालाही 'ब्लॉक' करता येत नाही. यादी क्रमांकानेच लागते. मग हे लोक कमावतात कसे? वीस घरांकडून टोकन घेतात. वीसपैकी तिघा-चौघांना स्वतःच्या क्रमांकावर तशीही जागा मिळणारच असते. ती मिळाली की 'बघा, केलं की नाही काम' म्हणून उरलेली रक्कम वसूल करतात. बाकीच्यांना 'वरून झालं नाही' सांगून टोकनातले थोडे पैसे कापून परत देतात, तेही सहा महिने फेऱ्या मारायला लावून. आणि ज्यांना परत मिळतात तेच पुढच्या वर्षी सांगतात, माणूस तसा प्रामाणिक आहे हो, पैसे दिले त्याने परत. तुमच्या यजमानांच्या ऑफिसातले गृहस्थ बहुधा त्यातलेच. त्यांच्यावर चिडू नका, त्यांना खरंच तसं वाटतं.

यजमानांनी त्याच्याकडे चेक मागावा, एकदाच आणि व्हॉट्सॲपवर लिहून, म्हणजे नोंद राहील. उद्यापर्यंत मिळाला नाही तर चेकबुकातल्या स्थळप्रतीवरून नंबर घ्या आणि बँकेच्या शाखेत 'स्टॉप पेमेंट'चा अर्ज देऊन पोच घ्या. ॲपवरूनही होतं, पण शिक्क्याची पोच हातात असलेली बरी. चेकवरची तारीख यायच्या आधी हे व्हायला हवं. आणि येत्या शनिवारी बँक उघडी आहे का ते कॅलेंडरात बघा. दुसरा किंवा चौथा असला तर बंद, म्हणजे शुक्रवारीच जा.